दोन मंडळे : माथाडी कायदा १९६९ आणि घरेलू कामगार कायदा २००८

महाराष्ट्राच्या कायदेपुस्तकात असंघटित कष्टकऱ्यांसाठी स्थापन झालेली मंडळे बरीच आहेत. त्यांतील दोन शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. एक १९६९ च्या माथाडी कायद्यातले, दुसरे २००८ च्या घरेलू कामगार कायद्यातले. दोन्हींत नोंदणी आहे, दोन्हींच्या नावात ‘कल्याण’ आहे, दोन्हींत शासनाचा हात आहे. तरीही कामातून निवृत्त होणाऱ्या नोंदीत माथाडीच्या हाती भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान पडते. तीस वर्षे पाच घरची भांडी घासलेल्या बाईच्या हाती, नोंदणी जिवंत असलीच तर, एकदाच मिळणारे १०,००० रुपये.

हे अंतर कसे पडले, त्याचा हा धागा. लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभ माथाड्यांपासून नव्हे, गिरणी-कारखान्यांपासून करावा लागतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला. आरंभी तो मोजक्या उद्योगांतील ५० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. १९६० मध्ये ही मर्यादा २० वर आली.

या आकड्यांकडे नीट पाहावे. स्वतंत्र भारतातील सामाजिक सुरक्षेची सारी इमारत एका गृहीतकावर उभी राहिली : एक छप्पर, एक मालक, एक हजेरीपट. ज्याचे नाव त्या हजेरीपटावर, त्याला म्हातारपणाची पुंजी आणि आजारपणाचा दवाखाना. ज्याचे काम चार छपरांखाली वाटलेले, तो या हिशेबात माणूस म्हणून मोजलाच जात नव्हता. कायद्याने त्याला मुद्दाम वगळले असेही नाही. कायद्याला तो दिसतच नव्हता.

मुंबईत ही विसंगती एका भिंतीपाशी उघडी पडत होती. गोदी कामगारांसाठी १९४८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला होता. जहाजे येतात-जातात, काम कधी असते कधी नसते, म्हणून कामगारांची नोंद एका मंडळाकडे आणि मंडळानेच त्यांना पाळीपाळीने काम द्यायचे, अशी ही व्यवस्था. गोदीच्या फाटकाच्या आत पोते उचलणारा नोंदीत कामगार होता. तेच पोते फाटकाबाहेर पडून दाणाबंदरच्या किंवा मशीद बंदरच्या वखारीपाशी आले, की ते पाठीवर घेणारा माणूस कोणाचाच नव्हता.

हा माणूस बहुधा सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांच्या डोंगराळ पट्ट्यातला. गावी जमिनीचा तुकडा, मुंबईत गाववाल्यांच्या गाळ्यात पथारीपुरती जागा आणि खानावळीचे जेवण. काम टोळीने चाले. टोळीचा मुकादम व्यापाऱ्याकडून नगावर पैसे घेई आणि स्वतःचा हिस्सा काढून उरलेले वाटी. सकाळी एका दुकानाचा माल उतरवायचा, दुपारी दुसऱ्याच्या वखारीत थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याची गाडी भरायची. मणका दुखावला किंवा पायावर लोखंडी पट्टी पडली, तर उपचार म्हणजे गावाकडची एसटी.

व्यापाऱ्यांचे म्हणणे तर्कदृष्ट्या बिनतोड होते. आम्ही याचे मालक नाही. तो आज आमच्याकडे आहे, घटकाभराने शेजाऱ्याकडे. त्याला आम्ही नेमलेले नाही, त्याची हजेरी आम्ही घेत नाही. मग त्याच्या फंडाची जबाबदारी आमच्यावर कशी? आणि हे खोटे नव्हते. प्रचलित अर्थाने त्या हमालाला मालक नव्हताच.

अण्णासाहेब पाटील यांचे नाव आज मराठा आरक्षणाच्या संदर्भात घेतले जाते. २२ मार्च १९८२ चा मोर्चा आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी केलेली आत्महत्या यांमुळे ते स्वाभाविकही आहे. पण त्यामुळे त्यांचे आधीचे काम झाकोळले गेले, हे महाराष्ट्राच्या सार्वजनिक स्मृतीचे नुकसान आहे. पाटण तालुक्यातून आलेल्या, स्वतः ओझी वाहिलेल्या या माणसाने साठच्या दशकात बाजारोबाजारच्या टोळ्या एका संघटनेत गोवल्या. मागणी मजुरीवाढीपुरती नव्हती. गोदीच्या फाटकाआड जे आहे तेच फाटकाबाहेर हवे, असा तिचा आशय होता.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये कायदा झाला. नाव लांबलचक : महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम. त्यात एक शब्द नवा होता : ‘असंरक्षित कामगार’. आजवर कायद्याच्या नजरेआड असलेल्या माणसाला त्याच्या असंरक्षिततेवरूनच कायद्याने ओळखले.

आता या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग. ‘मालक कोण?’ हा प्रश्न या कायद्याने सोडवला नाही. तो बाजूला ठेवला. मालक आणि कामगार यांच्यामध्ये एक मंडळ उभे केले. मंडळावर कामगारांचे, मालकांचे आणि शासनाचे असे तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी. माथाडीने मंडळात नाव नोंदवायचे, टोळीला क्रमांक मिळणार. ज्याला माल चढवून-उतरवून घ्यायचा आहे त्या व्यापाऱ्यानेही नोंद करायची. मग त्याने मजुरी हमालाच्या हातावर न ठेवता मंडळात भरायची, आणि मजुरीच्या वर ठरावीक टक्के रक्कम आणखी भरायची. हीच लेव्ही. तिचा दर मंडळागणिक वेगळा, पण साधारणतः तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात. मंडळ मजुरी कामगाराला देते आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, पगारी सुट्टी, औषधोपचार यांची तजवीज करते.

यातली चतुराई लक्षात यावी म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडू. एका माथाडीने महिन्याभरात दहा दुकानांचा माल उचलला. प्रत्येक दुकानदाराकडे त्याचे काम फार तर दोन-तीन दिवसांचे. दुकानदार त्याचा मालक आहे की नाही, हे विचारण्याचे आता कारणच उरत नाही. ज्याने जितके श्रम वापरले त्याने तितक्या श्रमांच्या प्रमाणात त्या माणसाच्या म्हातारपणाचाही खर्च भरला, एवढेच. दहा ठिकाणचे थेंब एका खात्यात जमा होतात. हजेरीपट दुकानात नसला तरी मंडळात आहे. कामगार नुकसानभरपाईचा आणि वेतन प्रदानाचा कायदाही याच मार्गाने त्याला लागू करण्यात आला.

व्यापाऱ्यांनी विरोध केला, प्रकरणे न्यायालयात गेली, कायदा टिकला. लोखंड बाजार, किराणा बाजार, कापड बाजार, भाजीपाला अशी व्यवसायवार मंडळे झाली आणि मुंबईबाहेरही पसरली. पुण्यात बाबा आढाव यांची हमाल पंचायत आधीपासूनच उभी होती. तिच्या हमालांनाही या कायद्याचा आधार मिळाला. मुंबईतील घाऊक बाजार पुढे टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत हलले, तेव्हा माथाडीही हलले. कोपरखैरणे-घणसोलीकडच्या माथाडी वसाहती, माथाड्यांचे रुग्णालय, त्यांची पतपेढी ही त्या लेव्हीची दृश्य रूपे होत. गाळ्यातल्या पथारीपासून मालकीच्या खोलीपर्यंतचा हा प्रवास एका पिढीत झाला.

सगळे सोन्याचे झाले, असे मात्र नाही. बनावट माथाडी, काम न करता वसुली, संघटनांच्या नावावर दमदाटी, अशा तक्रारी उद्योजक वर्षानुवर्षे करीत आले आहेत आणि त्यांतील काही खऱ्या आहेत. अनेक मालक नोंदणी टाळतात, लेव्ही थकवतात, हेही तितकेच खरे. पण तक्रार करण्याइतके ठोस काहीतरी उभे राहिले, ही गोष्टही दुर्लक्षण्याजोगी नाही.

१९८१ मध्ये हाच साचा उचलून खासगी सुरक्षारक्षकांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. म्हणजे साचा एकाच बाजारापुरता नव्हता. पोत्यांवरून तो दारावर उभ्या राहणाऱ्या माणसापर्यंत आला.

त्याच दारातून आत भांडी घासायला जाणाऱ्या बाईपर्यंत मात्र तो पोहोचला नाही. आता तिच्याकडे वळू.

घरकाम करणाऱ्यांसाठी कायदा करण्याचा प्रयत्न माथाडी कायद्याच्याही दहा वर्षे आधीचा आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९५९ मध्ये पां. ना. राजभोज यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडले. राजभोज म्हणजे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस. १९५२ मध्ये सोलापुरातून लोकसभेवर निवडून आलेले. किमान वेतन, कामाच्या तासांची मर्यादा, आठवड्याची सुट्टी, वर्षाकाठी १५ दिवसांची रजा, अशा त्या विधेयकातील मागण्या. त्याच वर्षी लोकसभेतही अशाच आशयाचे विधेयक आले. दोन्हींचा कायदा झाला नाही.

राजभोजांच्या विधेयकातील एक तरतूद आज वाचताना खटकते. घरगड्यांची नोंदवही स्थानिक पोलिसांनी ठेवावी, असे त्यात होते. गड्याच्या बाजूने लिहिलेल्या मसुद्यातही त्याची नोंद ठेवायची कोठे, याचे उत्तर ‘पोलीस चौकीत’ असे होते. कायदा बारगळला, ती सवय मात्र टिकली. आजही शहरी सोसायट्यांत कामवालीची पहिली आणि बहुधा एकमेव अधिकृत नोंद ही पोलीस पडताळणीची असते. माथाडीची नोंद त्याला काही देण्यासाठी झाली, हिची नोंद हिच्यावर नजर ठेवण्यासाठी.

१९७२ च्या दुष्काळाने खेड्यांतून माणसे शहरांकडे लोटली. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत आलेल्या बायकांना सर्वांत आधी मिळणारे काम धुण्याभांड्याचे होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबला, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत आणि कितीतरी गिरणगावी घरांतील बायका दादर-माटुंग्याच्या घरी कामाला जाऊ लागल्या. एकाच खोलीत घडलेला हा बदल मोठा बोलका आहे. नवऱ्याच्या नोकरीबरोबर राज्य विम्याचे कार्ड आणि फंडाचे खाते गेले. बायकोच्या नोकरीबरोबर त्यांतले काहीच आले नाही. घरात पगार येत राहिला, संरक्षण संपले.

पुण्यात त्याच्या दोन वर्षे आधी एक अभूतपूर्व घटना घडली होती. १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला. तो कोणा नेत्याने पुकारलेला नव्हता. बायका आधी थांबल्या, संघटना मागून आली. लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, महिन्याच्या हक्काच्या सुट्ट्या, दिवाळीचा बोनस या तिच्या मागण्या. कामाचे दर घरातील माणसांच्या संख्येवर आणि कामाच्या प्रकारावर ठरवावेत, हा आग्रहही याच चळवळीतला.

नावाकडेही लक्ष द्यावे. संघटनेने ‘मोलकरीण’ हा शब्द टाकला नाही. मोल घेऊन काम करणारी, एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्यात लाजिरवाणे काही नाही. पुढे शासनाने कायदा केला तेव्हा त्याला तो शब्द नकोसा वाटला असावा. ‘घरगुती’ हा मराठी शब्द हाताशी असताना कायद्याच्या नावात हिंदीतला ‘घरेलू’ आला. सौजन्य शब्दात आले, मोल मात्र गळाले.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८. पार्श्वभूमी अनुकूल होती. अर्जुन सेनगुप्ता आयोगाने २००७ मध्ये असंघटित क्षेत्राचे विदारक चित्र देशापुढे ठेवले होते, २००८ मध्येच संसदेने असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. मोलकरणींच्या संघटना अनेक वर्षे मोर्चे काढीत होत्या आणि त्यांच्यापुढे माथाडी मंडळाचे घरचेच उदाहरण होते.

शासनाने त्या उदाहरणातून ‘मंडळ’ घेतले. लेव्ही घेतली नाही.

घरेलू कामगार मंडळाकडे पगार भरला जात नाही. तिच्या श्रमांच्या प्रमाणात दरमहा काही भरण्याची सक्ती कोणत्याही घरावर नाही. ती स्वतः नाव नोंदवते, स्वतःचे छोटेसे अंशदान भरते आणि शासन अनुदान देईल त्या प्रमाणात मंडळ मदत वाटते : बाळंतपणासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी, अंत्यविधीसाठी. वयाची ५५ वर्षे पूर्ण झालेल्यांना सन्मानधन म्हणून १०,००० रुपये. माथाडीच्या खात्यात त्याने उचललेल्या प्रत्येक पोत्यामागे काही जमा होते, म्हणून त्याचा फंड हा त्याचा हक्क ठरतो. हिच्या मदतीचा हिच्या कामाशी हिशेबच नाही. ती पाच घरी राबली काय आणि एका घरी राबली काय, मिळायचे ते तेवढेच.

नोंदणीच्या अर्जासोबत एक कागद लागतो : ही बाई आपल्याकडे काम करते, असे घरमालकाचे प्रमाणपत्र. हा कागद पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. ‘घर म्हणजे आस्थापना नव्हे, घरमालक म्हणजे मालक नव्हे’ या सबबीवर ज्याला लेव्हीतून मोकळे ठेवले, त्याच्याच सहीवाचून तिची नोंद होत नाही. पैसे भरण्याच्या वेळी तो मालक नाही, सही करण्याच्या वेळी आहे. आणि बरेचजण सही देत नाहीत, कारण सहीमागून काहीतरी जबाबदारी येईल अशी त्यांना धास्ती वाटते.

नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी कामगार कार्यालयात जाणे म्हणजे एका दिवसाचे खाडे. शिवाय मधल्या काही वर्षांत मंडळच जवळजवळ निष्क्रिय होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या निर्बंधांत शासनाने घरेलू कामगारांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले, तेव्हा ते नोंदीत कामगारांना मिळणार होते. ज्यांची नोंदणी कधी झाली नव्हती किंवा केव्हाच मोडीत निघाली होती, त्यांच्यासाठी ती घोषणा केवळ बातमी ठरली.

मग लेव्ही का आली नाही? नेहमीचे उत्तर असे : मोलकरणीला मालक अनेक, कामाची जागा खासगी घर, हिशेब कोण ठेवणार? यातला पहिला मुद्दा १९६९ मध्येच निकालात निघाला होता. अनेक मालक ही अडचण नव्हती. अनेक मालक होते म्हणूनच मंडळ सुचले. खासगी घराचा मुद्दा थोडा वजनदार आहे, कारण बाजारपेठेत एका फाटकावर उभे राहून गाड्या मोजता येतात, उंबरठे मोजता येत नाहीत. पण ज्या सोसायट्यांच्या दारावर प्रत्येक कामवालीच्या येण्याजाण्याची वेळ टिपली जाते, तेथे हजेरीपट नाही असे म्हणणे अवघड आहे. तो आहे, फक्त तिच्या कामी येत नाही.

उरते ते राजकारण. माथाडी पुरुष होते, एका बाजारात एकवटलेले होते, त्यांनी पाठ फिरवली की शहराचा धान्यपुरवठा अडत होता. मोलकरीण एकेका स्वयंपाकघरात एकटी असते. ती आली नाही तर दुसरी येते. माथाड्यांसमोर व्यापारी होते, आणि व्यापाऱ्याला लेव्ही लावताना मध्यमवर्गाचे काही जात नव्हते. हिच्यासमोर तो मध्यमवर्गच आहे : कायदे लिहिणारा, त्यांवर अग्रलेख लिहिणारा आणि सकाळी दहाला भांडी झालेली हवी असणारा. असंरक्षित कामगाराबद्दल कळवळा असणाऱ्या माणसालाही स्वतःच्या घरी लेव्ही भरायची कल्पना विचित्र वाटते. जातीचे आणि घरकाम हे बाईचे फुकटचेच काम असल्याच्या समजुतीचे ओझेही यात आहेच.

इतरत्र घराचा उंबरठा कायद्याने ओलांडला आहे. दक्षिण आफ्रिकेने २००३ मध्ये घरकामगारांना बेरोजगारी विम्यात घेतले, त्यात घरमालकाचाही वाटा असतो. उरुग्वेने २००६ मध्ये घरकामगारांचा स्वतंत्र कायदा करून त्यांना इतर कामगारांच्या बरोबरीला आणले. १६ जून २०११ रोजी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. भारताने बाजूने मत दिले. अनुसमर्थन मात्र अद्याप दिलेले नाही.

माथाडीचा साचा अखेर पुढे सरकला, पण अनपेक्षित दिशेने. २०२३ मध्ये राजस्थानने ॲपवरून काम करणाऱ्या डिलिव्हरी कामगार व चालकांसाठी कायदा केला : मंडळ, नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क. त्या कायद्यामागील कार्यकर्त्यांनी महाराष्ट्राच्या माथाडी मंडळाचा दाखला दिला होता. ‘आम्ही मालक नाही, आम्ही फक्त मंच आहोत’ हे कंपन्यांचे म्हणणे दाणाबंदरच्या व्यापाऱ्यांना ओळखीचे वाटले असते.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. १९५२ आणि २००८ चे केंद्रीय कायदे तिच्यात विलीन झाले. असंघटित कामगारांसाठी तीत स्वतंत्र प्रकरण आहे आणि योजना आखण्याचा अधिकार सरकारांना आहे. भविष्यनिर्वाह निधीसाठी आस्थापनेत किती माणसे हवीत, हा आकडा मात्र १९६० चाच आहे : २०.

२९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात केंद्राला घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्याकरिता तज्ज्ञ समिती नेमण्याचा आदेश दिला. राजभोजांच्या विधेयकाला तेव्हा ६५ हून अधिक वर्षे उलटली होती.